गिअरची गाडी मला थोडी थोडी येते

शनिवार, ४ मे २०१९. सकाळी साडेदहा.

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, बायकोला, जॅनिसलासुद्धा दाखवणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी माणूस आयुष्याला वळण देतो तेव्हा त्याची कुठेतरी नोंद हवी. नोंदी ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. दातांच्या विम्याचे क्लेम तपासण्यात अठ्ठावीस वर्षं काढलीत.

ठराव: जुनी जपानी गाडी घ्यायची. साधी, छोटी, आपल्या आईबापांच्या पिढीने चालवली तशी. ह्याच महिन्यात.

सहा वर्षं दर शनिवारी डोनटच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये जातोय. जुन्या गाड्यांवाले तिथे जमतात, बॉनेट उघडून ठेवतात, कॉफी पितात. मी जॅनिसची करडी, बिनगिअरची टोयोटा दोन रस्ते सोडून लावतो आणि चालत जातो. तिथे मला मान आहे. मी कार्ब्युरेटरवर बोलायला लागलो की बाकीचे गप्प होतात.

आज रुबेन ओचोआने बातमी आणली. रुबेन प्लंबर, तीन जुन्या गाड्यांचा मालक, सदा ग्रीसचे हात. गार्डीनाला कोणी कुरामोतोबाई आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये ७७ची डॅटसन बी-२१० उभी आहे. पहिल्यापासून एकच घर. विकायचीय. त्याने फोन केलाय, उद्या चर्चनंतर बघायला जाणार.

पत्ता त्याने सगळ्यांसमोर सांगितला. म्हणजे गुप्त काही नव्हतं.

सायंकाळी सहा.

जाऊन आलो. घेतली!

रिकाम्या हाताने गेलो नाही, आपल्या जपानी लोकांत तसं जात नाहीत. स्ट्रॉबेरीची पेटी नेली. कुरामोतोबाईंनी तीनदा नको नको म्हणून चौथ्यांदा घेतली. पंच्याऐंशी वर्षांच्या, माझ्या खांद्याएवढ्यासुद्धा नाहीत. १९५८ साली हिरोशिमाहून लग्न करून आल्या. नवरा मास, लोकांच्या बागा सांभाळायचा, तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा टेक्सासला. त्याने गेल्या वर्षी आईचं लायसन परत करायला लावलं आणि आता सप्टेंबरपासून वृद्धांच्या वसतिगृहात खोली घेतलीय. तिथे गाडी ठेवता येत नाही.

आणि गाडी! लिंबाच्या सालीसारखी पिवळी. गंजाचा ठिपका नाही. सीटची एक शिवण उसवलेली नाही. डिकीत पाने-स्क्रूड्रायव्हर ठेवायला तांदळाच्या पोत्याची पिशवी, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा शिवलेला. मास शिवायचासुद्धा! हरहुन्नरी माणूस. ड्रायव्हरचं सीट पार पुढे ओढलेलं, बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. बुटका असणार बिचारा. हॉलमध्ये फोटो आहे, त्यात तो आपल्या ट्रकच्या टपावर कोपर टेकून उभा आहे. फोटोत माणसं उंच दिसतात.

मी म्हटलं, बेचाळीस वर्षं मासनी काय निगा राखलीय हो! बाई तोंडावर हात धरून हसल्या. म्हणाल्या, मी आपली थोडी मदत करायचे.

पाना वगैरे हातात देत असतील. गोड बाई.

मग म्हणाल्या, गिअरची आहे हं. येते ना तुला?

मी म्हटलं, थोडी थोडी.

हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी खोटं बोललेलो नाही. १९८४ साली माझ्या चुलतभावाच्या ट्रकवर मी वीस मिनिटं शिकलो होतो, कचऱ्याच्या पिंपाला धडकेपर्यंत. ह्याला थोडी थोडीच म्हणतात. आता आपल्या लोकांत थोडं थोडं कोण म्हणतो? ज्याला उत्तम येतं तो. माझे काका ज्युडोचे ब्लॅक बेल्ट, कोणी विचारलं तर थोडं थोडं म्हणायचे. तेव्हा बाईंनी माझ्या शब्दाचा तसा अर्थ घेतला असेल तर तो त्यांचा प्रश्न.

बाईंची एकच अट. मासचं थडगं टेकडीवरच्या कब्रस्तानात आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ह्याच गाडीतून तिथे जायचं. दर वर्षी जातात, हे शेवटचं, कारण मग वसतिगृहाच्या व्हॅनमधून जावं लागणार. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मग म्हणाल्या, त्या ओचोआंचाही फोन होता, उद्या येणार आहेत. मी कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की हल्ली काही लोक अशा गाड्या घेतात, जमिनीला टेकेपर्यंत खाली बसवतात, मागे बादलीएवढा पाइप लावतात. बाई म्हणाल्या, ओचोआ तसे आहेत का?

मी अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिलो. झाडाकडे बघणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

किंमत सांगितली ती दिली, घासाघीस केली नाही. निघताना बाईंनी पिशवीभर लिंबं दिली. स्ट्रॉबेरीच्या दुप्पट वजनाची.


रविवार, ५ मे.

रुबेन चर्चमधून थेट गार्डीनाला गेला असेल. असो. शर्यतीत कोणीतरी हरतंच.

दुपारचं जेवण गेलं नाही. स्ट्रॉबेरी बाधली असावी. पण मी तर खाल्ल्याच नव्हत्या.


शनिवार, ११ मे.

गाडी घरी आणली. ट्रकवर चढवून. इतक्या जुन्या गाडीला तपासल्याशिवाय रस्त्यावर काढणं बेजबाबदारपणाचं आहे, असं मी बाईंना समजावलं. बाई म्हणाल्या, अगंबाई, केवढी काळजी! काल संध्याकाळी तर मी हिला गल्लीत फिरवून आणली.

लायसन नसताना! आणि त्यांना चालवता येते? चेष्टा असणार. ह्या वयात बोलण्याचं भान राहत नाही.

सोबत एक जाड वही दिली. मास्टरपीस. बेचाळीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या जपानीत, बारीक सुबक अक्षर. मी म्हटलं, मासचं अक्षर काय सुंदर! बाई खाली बघून पेनाला टोपण लावत राहिल्या. भरून आलं असेल. शेवटचं पान शाई वाळेपर्यंत उघडं ठेव म्हणाल्या, आत्ताच काहीतरी लिहिलं होतं त्यांनी. मृत पतीच्या वहीत विधवेने निरोपाचे दोन शब्द लिहिले. माझेही डोळे पाणावले.

जॅनिस म्हणाली, बघू वही. मी म्हटलं, हात धुऊन ये आधी. ती स्वयंपाकघरात गेली ती गेलीच. मग वही मी कपाटात ठेवून दिली. आठ वर्षं शनिवारच्या जपानी शाळेत काढली आहेत मी. अक्षरं सगळी ओळखीची वाटतात. वाचता येत नाहीत, पण ओळखीची वाटतात.

जॅनिसलाही जपानी येतं म्हणे. थोडं थोडं, असं तीच म्हणते. ह्यात तिचा काय उपयोग?


रविवार, १९ मे.

जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपच्या फेसबुक पानावर गाडीचे फोटो टाकले. वहीच्या एका पानाचाही टाकला. लोक विचारायला लागले, काय लिहिलंय? गप्प कसं राहणार? मी लिहिलं: मास कुरामोतो म्हणतात, गाडी म्हणजे माणसाचं मन, ते रोज पुसावं.

असंच काहीतरी असणार. पानाचा एकूण भाव तसाच आहे.

रात्रीपर्यंत दोनशे बारा लाइक्स. एक रुबेनचा. खाली त्याने लिहिलं: गाडी योग्य माणसाच्या हातात पडली, मित्रा.

फोन पालथा घालून ठेवला.


शनिवार, २५ मे. सकाळी सात.

आजपासून सराव. उद्दिष्ट: दोन आठवड्यांत उत्तम. एका क्लचचं ते काय एवढं?

सकाळी साडेसात.

गाडीने पुढे उडी मारली आणि बंद पडली. मग मागे उडी मारली. समोरच्या श्रीमती डेलगाडो नळी हातात धरून बागेला पाणी घालत होत्या, त्या नळी बंद न करता बघत राहिल्या. कचऱ्याचा निळा डबा आडवा. पिंप काय, डबा काय, पस्तीस वर्षांत माझ्यात बदल नाही.

जॅनिस दारात आली. म्हणाली, मी थोडी मदत करू का? मी म्हटलं, ह्यातलं तुला काय कळतंय? ती आत गेली. टोस्टचा वास आला, मला कोणी बोलावलं नाही.


शनिवार, १ जून.

आज गाडी डोनटच्या पार्किंगला नेलीच. घरापासून सात चौक. सातही चौक पहिल्या गिअरमध्ये. दुसरा टाकायची वेळ आली नाही, खरं सांगायचं तर धीर झाला नाही. मागे एक बस होती, तिने मला तीनदा हॉर्न दिला, मी तिला हात केला. ओळखीची असल्यासारखा.

पोचलो तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो क्षण मरेपर्यंत विसरणार नाही. पुढचा विसरता आला असता तर बरं झालं असतं. रुबेन आला, त्याने मला मिठी मारली, मग नाक वर करून हुंगलं. म्हणाला, क्लच जळतोय रे. मी म्हटलं, डोनट तळताहेत.

तो खाली वाकला, गाडीखालून एकदा बघून आला. हळूच म्हणाला, ग्लेन, तुला गिअरची येते ना?

थोडी थोडी, मी म्हटलं. सवय गेलीय.

रुबेन आपल्यातला नाही. त्याला थोडी थोडीचा अर्थ थोडी थोडी असाच लागतो. म्हणाला, उद्या सकाळी सातला ये. ते बंद पडलेलं फर्निचरचं दुकान आहे ना, त्याच्या पार्किंगमध्ये. मी शिकवतो. कोणाला सांगत नाही.

नको नको, मी म्हटलं. तीनदा म्हटलं. चौथ्यांदा हो म्हणालो.


रविवार, १६ जून.

तिसरा धडा. रुबेन शांत माणूस आहे. ओरडत नाही. म्हणतो, पायाने नको ऐकूस, कानाने ऐक, इंजिन सांगतं तुला. मला इंजिन काही सांगत नाही. मला एकच ऐकू येतं: ओचोआ तसे आहेत का? आणि मग लिंबाचं झाड.

प्रगती आहे. दुसरा गिअर आला. तिसराही एकदा आला, पण तो पहिला निघाला.

शिकवणीबद्दल काहीतरी द्यायला हवं म्हणून लिंबं नेली. रुबेनने हुंगून बघितली, म्हणाला, छान आहेत रे, कुठली? मी म्हटलं, घरची.


रविवार, २३ जून.

आज लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

धडा झाल्यावर बॉनेटला टेकून कॉफी पीत होतो. रुबेन पिवळ्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाला, माझ्या आईकडे हीच होती. हाच रंग. विल्मिंग्टनला राहायचो, ती मला शाळेत सोडायची ह्यातून. ऐंशी साली एकाने मागून ठोकली, मग भंगारात दिली. आई तीन दिवस जेवली नव्हती. म्हणून फोन केला होता मी त्या बाईंना. रविवारी निघण्याआधी परत केला तर बाई म्हणाल्या, शनिवारीच एकाला देऊन बसले. मी म्हटलं, काही हरकत नाही.

मग म्हणाला, तू घेतलीस ते बरं झालं. दुसरा कोणी असता तर काय केलं असतं तिचं, कोण जाणे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, डोनट खाणार?

ठराव: पुढच्या रविवारी रुबेनला सगळं सांगायचं.


रविवार, ३० जून.

रुबेनला सांगायचं राहिलं. तो आज फार आनंदात होता. आनंदात असलेल्या माणसाला कशाला?


रविवार, १४ जुलै.

राहिलं. आज तो घाईत होता.


शनिवार, २० जुलै.

कुरामोतोबाईंचा फोन. विचारत होत्या, गाडी कशी आहे? मी म्हटलं, मजेत. पुढे म्हणाल्या, चार तारखेला नऊ वाजता ये, भाताचे गोळे मी करून ठेवते. टेकडी जरा चढी आहे, पण तुला काय त्याचं!

पोटात गोळा आला. भाताचा नव्हे.

चढावर गाडी थांबवून परत काढायची म्हणजे एकाच वेळी ब्रेक, क्लच आणि पेट्रोल, पाय दोन. रुबेनने दाखवलं. नऊ वेळा प्रयत्न, नऊ वेळा मागे. शेवटच्या वेळी रुबेन स्वतः मागे जाऊन उभा राहिला, गाडी हाताने धरायला. म्हणाला, हँडब्रेक वापर रे बाबा. मी म्हटलं, मासने कधी वापरला असेल असं वाटत नाही.


गुरुवार, १ ऑगस्ट.

पर्याय तपासले. ताप आणणं: खोटं, त्याज्य. गाडी बिघडवणं: पाप. बाईंना जॅनिसच्या टोयोटातून नेणं: सर्वात शहाणपणाचं. पण मग बाईंना कारण सांगावं लागेल. पंच्याऐंशी वर्षांची बाई, शेवटची इच्छा, आणि मी म्हणणार, मला येत नाही?

नाही. मी चालवणारच. नकाशावर रस्ता आखला, सिग्नल सगळ्यात कमी असलेला. फक्त चौदा.

जॅनिस म्हणाली, ग्लेन, खरं सांग, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, हा मासचा आणि माझा प्रश्न आहे.


रविवार, ४ ऑगस्ट. रात्री.

क्रमाने लिहितो.

नऊला पोचलो. बाई दारातच उभ्या होत्या. काळा ड्रेस, पांढरे हातमोजे, पायात कॅनव्हासचे बूट. वय झालं, पायाला बरे पडत असतील. हातात शेवंतीची फुलं, डबा आणि एक जाड गादी. गादी कशाला, म्हटलं, सीट मऊ आहे. असू दे, म्हणाल्या.

चौदा सिग्नल. अकरा ठिकाणी बंद पडली. बाई समोर बघत, फुलं मांडीवर. प्रत्येक वेळी म्हणायच्या, गरम होतंय आज, नाही? चौथ्या वेळेनंतर तेही बंद झालं. बाराव्या सिग्नलला मी म्हटलं, जुनी गाडी, काय करणार. बाईंनी डॅशबोर्डवर हलकेच थोपटलं. लेकराला थोपटतात तसं, माझ्यापासून वाचवल्यासारखं.

कब्रस्तानाचं फाटक. आत शिरताच चढ. अर्ध्यावर पुढची गाडी थांबली, मी थांबलो. बंद. सुरू केली, क्लच सोडला, बंद. मागे बघितलं तर अंत्ययात्रा. लांबलचक काळी शववाहिका, तिच्यामागे दिवे लावलेल्या वीस गाड्या. पुन्हा सुरू केली आणि आम्ही मागे जायला लागलो. शववाहिकेच्या दिशेने. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, तो नुसता डोळे मोठे करून बघत होता. मी ब्रेकऐवजी काय दाबलं देव जाणे.

करकर आवाज झाला आणि गाडी थांबली. हँडब्रेक वर होता. त्याच्यावर पांढरा हातमोजा होता.

बाई म्हणाल्या, ग्लेन, दमला असशील. इकडे येऊन बस. वरपर्यंत मी नेते.

मी म्हटलं, तुम्हाला येते?

तोंडावर हात धरून हसल्या. म्हणाल्या, थोडी थोडी.

मी उतरलो. पुढून वळसा घातला, सगळी अंत्ययात्रा माझ्याकडे बघत होती. रडणारे लोक रडायचे थांबले होते. बाईंनी सीट पुढे ओढलं, गादी पाठीशी लावली, एक कमरेखाली सरकवली. दोन होत्या. आरसा फिरवला. गाडी वर निघाली आणि मला कळलंसुद्धा नाही क्लच कधी सुटला. पहिला, दुसरा, वळणावर तिसरा. बाई खिडकीतून कोपर बाहेर काढून चालवत होत्या. मासच्या थडग्यापाशी आलो. त्या थांबल्या नाहीत. टेकडीला फेरी मारली. मग आणखी एक. मग तिसरी. समुद्र दिसत होता. बाई काहीतरी गुणगुणत होत्या.

थडग्यापाशी फुलं ठेवली, उदबत्ती लावली, आणि बाई जपानीत बराच वेळ मासशी बोलल्या. मध्येच माझ्याकडे बोट केलं आणि खुदकन हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. ओळखीचं वाटलं.

मी म्हटलं, गाडी मासनी तुम्हाला शिकवली का? म्हणाल्या, मासने? त्याला ट्रक सोडून काही येत नव्हतं. गाडी माझी. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात होते, पगारातून घेतली. त्याला हात लावू द्यायचे नाही.

म्हटलं, मग निगा? पाने? ती पिशवी?

म्हणाल्या, मी आपली थोडी मदत करायचे, सांगितलं होतं ना.

फाटकाबाहेर लायसनशिवाय त्यांना चालवता येत नाही आणि मला लायसन असून येत नाही. जॅनिसला फोन केला. ती भाड्याची गाडी करून आली, चावी घेतली, सीट जरासं मागे केलं आणि आम्हाला घरी आणलं. चौदा सिग्नल. एकदाही बंद नाही. मी मागे, गुडघे हनुवटीला, रिकामा डबा मांडीवर. पुढे त्या दोघी जपानीत बोलत होत्या, हसत होत्या. थोडं थोडं नव्हे. भरभर.

घरी आल्यावर म्हटलं, तुला गिअरची गाडी कधीपासून येते? म्हणाली, माहेरी रीडलीला, बाबांच्या पीचच्या बागेत. बाराव्या वर्षापासून ट्रक चालवायचे. तू कधी विचारलंस?


सोमवार, ५ ऑगस्ट.

वही कपाटातून काढली. हात न धुता जॅनिसला दिली. वाच म्हटलं.

दोनशे बारा लाइक्सचं पान आधी. त्यात आहे: तेल बदललं. मास मदतीला येतो म्हणाला, बोल्ट तोडला, त्याला परत बागेत पाठवलं. येताना टोफू आणि अंडी आणायची.

मग शेवटचं पान. अकरा मेचं. जॅनिसने आधी मनात वाचलं. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, नाही, ऐकच आता.

गाडी दिली. दोघं होते. ओचोआ यांनी फोनवर आधी गाडीची तब्येत विचारली, मग किंमत. चांगला माणूस. दुसरा ग्लेन. ओचोआंबद्दल वाईट बोलला आणि झाडाकडे बघत बसला, म्हणजे खोटं. गिअरची येते का विचारलं तर थोडी थोडी म्हणाला. कान लाल झाले, म्हणजे खरोखरच थोडी. ओचोआंना दिली तर ते उत्तम चालवतील आणि ऑगस्टमध्ये मला शेजारी बसून जावं लागेल. ग्लेनला दिली.

जॅनिस खूप वेळ हसली नाही. ते बरं नव्हतं. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, रुबेनबद्दल काय बोललास तू?

सांगितलं. सगळं, बादलीएवढ्या पाइपासकट.


शनिवार, १० ऑगस्ट.

डोनटच्या पार्किंगला टोयोटा नेली. दोन रस्ते सोडून लावली नाही, मधोमध लावली. रुबेनला बाजूला घेऊन सांगितलं. पहिल्या शनिवारी तुझ्या आधी का गेलो ते. काय बोललो ते. धडे घेताना तोंडाला कुलूप का होतं ते. लिंबं घरची नव्हती तेही.

रुबेनने डोनट संपवला. हात पुसले. म्हणाला, खाली बसवतो? मी? आणि कॉफी तशीच ठेवून आपल्या गाडीकडे गेला. मला वाटलं, गेला. त्याने डिकी उघडली, बंद केली, उघडली. परत आला. माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, क्लच जाळलायस तू तिचा. माझ्यावरचा राग वेगळा, तिचे हाल वेगळे. पुढच्या शनिवारी येतो. तू हात लावायचा नाहीस.

मी म्हटलं, गाडी तूच घे, रुबेन. तुझ्या आईची—

तो म्हणाला, आईचं नाव तू काढू नकोस.


शनिवार, १७ ऑगस्ट.

क्लच बदलला. आमच्या गॅरेजमध्ये. गाडीखाली रुबेन, बॉनेटपाशी जॅनिस, आणि घडीच्या खुर्चीत कुरामोतोबाई, मांडीवर वही. जॅनिसने त्यांना आणलं होतं. रुबेन आणि बाई पहिल्यांदाच भेटले. त्यांना एकमेकांचं बोलणं अर्धंमुर्धं कळत होतं आणि पुरत होतं. बाई म्हणाल्या की वसतिगृहात गेल्यावर महिन्यातून एकदा कब्रस्तानाच्या आत फेरी मारायला कोणीतरी न्यायला हवं. रुबेन गाडीखालून म्हणाला, मी नेईन. जॅनिस म्हणाली, आलटूनपालटून. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

माझ्याकडे पान्यांची पिशवी होती. रुबेन हात बाहेर काढायचा, मी पाना ठेवायचो. तीनदा चुकीच्या मापाचा ठेवला. तो परत द्यायचा.

संध्याकाळी बाईंनी वहीत लिहिलं. मी जॅनिसला म्हटलं, काय लिहिलंय?

जॅनिसने वाचलं: क्लच नवा. जुना ग्लेनने जाळला. श्री. ओचोआंनी बदलला, जॅनिसने त्यांच्याबरोबर काम केलं.

मी म्हटलं, मी पाने दिले, तेही लिहा ना. मदत केली म्हणून.

बाईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, पेन परत उघडलं आणि एकच शब्द लिहिला. मी तो वाचला. आठ वर्षांच्या शनिवारच्या शाळेत मला आलेला बहुतेक तो एकच असेल.

थोडी.